तिकीट कोणाला द्यायचे? अमेरिकेतील राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीचा आढावा

२०२८ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची जी निवडणूक होईल, तिच्यात डोनाल्ड ट्रम्प उमेदवार असू शकत नाहीत. बाविसाव्या घटनादुरुस्तीनुसार कोणालाही दोनपेक्षा अधिक वेळा या पदावर निवडून येता येत नाही. त्यामुळे दोन्ही पक्षांची उमेदवारी मोकळी आहे आणि गुडघ्याला बाशिंग बांधलेले इच्छुक डझनावारी आहेत. रिपब्लिकन पक्षात उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स आणि परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांची नावे घेतली जातात. डेमोक्रॅटिक पक्षात कॅलिफोर्नियाचे गॅव्हिन न्यूसम, पेनसिल्व्हेनियाचे जॉश शपिरो, मिशिगनच्या ग्रेचेन व्हिटमर, केंटकीचे अँडी बेशिअर, इलिनॉयचे जे. बी. प्रिट्झकर, माजी वाहतूकमंत्री पीट बूटिजेज, माजी उपाध्यक्ष कमला हॅरिस अशी यादी लांबत जाते. यातला कोण योग्य, या चर्चेत बहुतेक वेळ लोकप्रियतेची चाचणी आणि जमलेला निधी यांतच जातो. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. जगातल्या सर्वांत ताकदवान पदासाठी माणूस निवडताना पक्षाने त्याला कशावर पारखायचे, आणि ही पारख करायची कोणी?

अमेरिकेच्या राज्यघटनेत याचे उत्तर नाही, कारण तिच्यात राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. सुरुवातीच्या काळात संसदेतले पक्षाचे सदस्य एकत्र बसून नाव ठरवत. १८२४ मध्ये ती पद्धत मोडली. १८३१ मध्ये अँटी-मेसॉनिक नावाच्या एका छोट्या पक्षाने बाल्टिमोरला राष्ट्रीय अधिवेशन भरवून उमेदवार निवडला आणि मोठ्या पक्षांनी तोच कित्ता गिरवला. पुढची सुमारे १४० वर्षे अधिवेशनात जमलेले राज्याराज्यांचे प्रतिनिधी, म्हणजे प्रत्यक्षात त्यांचे पुढारी, उमेदवार ठरवत राहिले. आपल्याकडे मुंबई-दिल्लीच्या बैठकांत याद्या ठरतात आणि शेवटच्या तासाला एबी फॉर्म हातात पडतो, त्याच्याशी त्या काळाचे बरेच साम्य होते. आज मात्र तिथल्या पक्षाध्यक्षाच्या हाती तसा कोणताही अधिकार उरलेला नाही.

या जुन्या पद्धतीला सरसकट नावे ठेवण्याआधी १८६० चे शिकागोचे अधिवेशन बारकाईने पाहायला हवे. विगवॅम नावाचा लाकडी मंडप खास त्यासाठी उभारला होता. रिपब्लिकन पक्षातले सर्वांत मोठे नाव न्यू यॉर्कचे विल्यम सीवर्ड यांचे होते. ते माजी गव्हर्नर, सिनेटर आणि गुलामगिरीविरोधी बाजूचे प्रमुख वक्ते. त्यांच्यासमोर अब्राहम लिंकन म्हणजे प्रतिनिधीगृहाची एकच मुदत केलेला आणि दोन वर्षांपूर्वी सिनेटची निवडणूक हरलेला इलिनॉयचा वकील. पहिल्या फेरीत सीवर्ड यांना १७३½ मते, लिंकन यांना १०२. जिंकायला २३३ हवी होती.

लिंकन यांचे सूत्रधार डेव्हिड डेव्हिस यांनी प्रतिनिधींकडे पहिली पसंती मागितली नाही. तुमचा माणूस मागे पडला तर दुसरे नाव लिंकनचे घ्या, एवढेच ते सांगत राहिले. याच वेळी पेनसिल्व्हेनियाचे अँड्र्यू कर्टिन आणि इंडियानाचे हेन्री लेन हे गव्हर्नरपदाचे उमेदवार प्रतिनिधींना गाठून बजावत होते की सीवर्ड वर असतील तर आमची राज्ये हातची जातील. १८५६ मध्ये रिपब्लिकन पक्ष हरला होता तो नेमका अशा राज्यांत. दुसऱ्या फेरीत सीवर्ड १८४½, लिंकन १८१. तिसऱ्या फेरीअखेर लिंकन २३१½ वर होते, दीड मत कमी. ओहायोच्या चार प्रतिनिधींनी आपली मते फिरवली आणि मंडप दणाणला. लिंकन स्वतः त्या वेळी आपल्या गावी, स्प्रिंगफील्डलाच होते.

हा निर्णय इतका अचूक का ठरला, याचे उत्तर बंद खोलीत सापडत नाही. लिंकन यांची पारख आधीच झाली होती. १८५८ मध्ये स्टीफन डग्लस यांच्याबरोबर सात जाहीर वादसभा, फेब्रुवारी १८६० मध्ये न्यू यॉर्कच्या कूपर युनियनमधले भाषण, आणि शेवटी अधिवेशनात चार वजनदार प्रतिस्पर्ध्यांशी झुंज. जिंकल्यावर त्यांनी सीवर्ड, चेस, बेट्स आणि कॅमेरॉन या चौघांनाही मंत्रिमंडळात घेतले. माझे या साऱ्या विषयावरचे मत याच उदाहरणातून पक्के झाले आहे. पद्धत कोणतीही असो, खऱ्या लढतीतून तावून सुलाखून आलेला उमेदवार पक्षाला आणि देशाला मानवतो. लढत टाळून मिळवलेली किंवा दिलेली उमेदवारी ऐन वेळी दगा देते.

लढत झाली तरी ती पुढाऱ्यांच्या सोयीची असेल तर काय होते, तेही पुढे दिसले. १९२० मध्ये शिकागोच्याच ब्लॅकस्टोन हॉटेलात रिपब्लिकन पुढाऱ्यांनी रात्री खलबते केली आणि कोणालाच फारसे न खुपणारे वॉरन हार्डिंग दहाव्या फेरीत उमेदवार झाले. ते निवडणूक प्रचंड मतांनी जिंकले, पण त्यांच्या कारकिर्दीतले टीपॉट डोम हे तेलसाठ्यांचे प्रकरण अमेरिकेच्या इतिहासातल्या मोठ्या घोटाळ्यांत गणले जाते आणि त्यांचा एक मंत्री तुरुंगात गेला. १९२४ मध्ये न्यू यॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाने १०३ फेऱ्या घेऊन जॉन डेव्हिस यांना निवडले. इतक्या कष्टाने निवडलेला हा उमेदवार सहज हरला. मतदारांचा कौल डावलण्याची किंमतही पक्षांनी मोजली. १९१२ मध्ये रिपब्लिकन पक्षाची प्रायमरी, म्हणजे उमेदवारीसाठीचे पक्षांतर्गत मतदान, झालेल्या बहुतेक राज्यांत थिओडोर रूझवेल्ट जिंकले, पण अधिवेशनाने पदावर असलेल्या टाफ्ट यांनाच उमेदवारी दिली. रूझवेल्ट वेगळा पक्ष काढून उभे राहिले आणि दोघांच्या भांडणात डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन निवडून आले. १९५२ मध्ये एस्टेस केफॉव्हर यांनी बहुतेक प्रायमरी जिंकल्या, तरी डेमोक्रॅटिक उमेदवारी गेली ती प्रायमरी न लढलेल्या अॅडले स्टीव्हन्सन यांच्याकडे.

प्रायमरीचा खरा उपयोग कसा होऊ शकतो हे जॉन केनेडी यांनी १९६० मध्ये दाखवले. कॅथलिक माणूस प्रॉटेस्टंट देशात निवडून येईल का, अशी पक्षातल्या जाणत्यांना शंका होती. केनेडी यांनी मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनियात, जिथे कॅथलिक लोक अगदी तुरळक होते, ह्युबर्ट हम्फ्री यांना हरवले आणि तो वाद तिथेच मिटवला. त्या काळी प्रायमरीतून उमेदवारी मिळत नव्हती. पुढाऱ्यांना पुरावा मिळत होता. पुरावा मतदारांनी द्यायचा आणि निर्णय पुढाऱ्यांनी घ्यायचा, ही वाटणी मला बऱ्याच बाबतींत शहाणपणाची वाटते.

ती वाटणी १९६८ मध्ये कोसळली. मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरात व्हिएतनाम युद्धाचे विरोधक यूजीन मॅकार्थी यांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याविरुद्ध ४२ टक्के मते घेतली. महिनाअखेर जॉन्सन यांनी माघार घेतली. जूनमध्ये कॅलिफोर्निया जिंकलेल्या रात्री रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि ऑगस्टमध्ये शिकागोत उमेदवारी मिळाली ती एकही प्रायमरी न लढलेल्या उपाध्यक्ष हम्फ्री यांना. बाहेर रस्त्यावर पोलीस तरुणांना झोडपत होते आणि ते सारे दूरचित्रवाणीवर दिसत होते. नोव्हेंबरमध्ये निक्सन जिंकले. त्यानंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने नियम बदलले आणि प्रतिनिधी मतदारांच्या कौलाने निवडण्याची सक्ती आली. रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेने गेला. १९७२ मध्ये नव्या नियमांखाली स्वतः जॉर्ज मॅकगव्हर्नच उमेदवार झाले आणि ५० पैकी फक्त मॅसॅच्युसेट्स हे एक राज्य जिंकू शकले.

१९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी या नव्या व्यवस्थेचे मर्म ओळखले. जॉर्जियाबाहेर त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. त्यांनी आयोवात महिनोन्‌महिने घरोघरी हिंडून तिथल्या कॉकसमध्ये इतर सर्व उमेदवारांना मागे टाकले. सर्वाधिक मते ‘कोणीही ठरलेला नाही’ या गटाला होती, पण मथळे कार्टर यांचे झाले. तेव्हापासून आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या दोन छोट्या राज्यांना अवाढव्य महत्त्व आले.

आयोवातला डेमोक्रॅटिक कॉकस कसा चाले, हे सांगण्यासारखे आहे. कडाक्याच्या थंडीतल्या संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत किंवा चर्चच्या दालनात वॉर्डातले मतदार जमत. प्रत्येक उमेदवाराचे समर्थक एकेका कोपऱ्यात उभे राहत आणि डोकी मोजली जात. साधारणपणे १५ टक्क्यांच्या खाली राहिलेल्या गटाला दुसऱ्या कोपऱ्यात जावे लागे किंवा इतरांना आपल्याकडे ओढावे लागे. त्यासाठी शेजारी शेजाऱ्याला, मुलगी वडिलांना पटवू लागे. मत गुप्त नसे. समोरासमोरच्या या वादाचे मला अप्रूप वाटते. पण रात्रपाळीची परिचारिका, तान्ह्या मुलाची आई, पायऱ्या चढू न शकणारे आजोबा यांना तिथे जागा नव्हती, आणि सुमारे ३२ लाख वस्तीचे, बहुतांश गोऱ्या लोकांचे हे राज्य देशाचा नमुना मानणे अवघडच होते. २०२० मध्ये मोजणीच्या अॅपने घात केला, निकाल दिवसेंदिवस लांबला, आणि २०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने आयोवाचा पहिला मान काढून साउथ कॅरोलायनाला दिला.

आता इच्छुकांना ज्या मापांनी मोजले जाते, ती माप म्हणून कितपत खरी आहेत ते पाहू.

पैशाबद्दल थोडक्यात आटोपता येते. तो नसेल तर लढता येत नाही, पण असला म्हणून जिंकता येतेच असे नाही. १९८० मध्ये जॉन कॉनली यांनी एक कोटीहून अधिक डॉलर खर्चून एकच प्रतिनिधी मिळवला. २०१६ मध्ये जेब बुश यांच्या बाजूने दहा कोटी डॉलरच्या वर निधी उभा होता आणि हाती लागले चार प्रतिनिधी. २०२० मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांनी सुमारे १०० कोटी डॉलर स्वतःच्या खिशातून घातले आणि अमेरिकन सामोआ एवढेच जिंकले.

निवडणुकीच्या आधीच्या वर्षातल्या लोकमत चाचण्यांवर तर मी अजिबात विसंबणार नाही. २००३ च्या अखेरीस हॉवर्ड डीन पुढे होते, ते आयोवात तिसरे आले. २००७ मध्ये रूडी जुलियानी देशभर आघाडीवर होते, त्यांना एकही राज्य मिळाले नाही. त्याच वर्षी बराक ओबामा हिलरी क्लिंटन यांच्या खूप मागे होते. या चाचण्या बव्हंशी नावाची ओळख मोजतात.

आपल्याकडे तिकीटवाटपात ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणून ज्याचा उद्घोष होतो, ती निवडून येण्याची क्षमता हे सर्वांत आवडते आणि सर्वांत फसवे माप. २००४ मध्ये डेमोक्रॅटिक मतदारांनी राष्ट्राध्यक्ष असलेल्या धाकट्या बुश यांना हरवू शकेल असा माणूस म्हणून जॉन केरी यांना निवडले. व्हिएतनाममध्ये शौर्यपदके मिळवलेला सैनिक, देशभक्तीवर त्याला कोण बोल लावणार, असा हिशेब होता. विरोधकांनी नेमका त्या युद्धसेवेवरच हल्ला चढवला. केरी ओहायोत सुमारे १ लाख १८ हजार मतांनी मागे राहिले आणि निवडणूक हरले. १९८० मध्ये रेगन समोर आले तर बरे, असे कार्टर यांच्या गोटात अनेकांना वाटे. २०१६ मध्ये ट्रम्प निवडून येणे अशक्य, असे दोन्ही पक्षांतले जाणते सांगत होते. माणूस कोणाला पसंत करेल याचा अंदाज दुसऱ्या माणसाने बांधायचा, त्यात आपल्या आवडीनिवडी आणि भीती मिसळायची, आणि त्याला व्यवहारज्ञान म्हणायचे, हा या मापाचा मूळ दोष आहे. कर्टिन आणि लेन १८६० मध्ये बरोबर ठरले कारण ते स्वतः त्या राज्यांत मते मागत होते.

यापेक्षा मला कठीण प्रश्नांसमोरचे वर्तन मोलाचे वाटते. १९७९ च्या शरद ऋतूत एडवर्ड केनेडी हे पदावरच्या कार्टर यांना सहज हटवतील अशी हवा होती. सीबीएसचे रॉजर मड यांनी मुलाखतीत त्यांना अगदी सरळ विचारले की तुम्हाला राष्ट्राध्यक्ष का व्हायचे आहे. केनेडी थांबले, अडखळले, देशाची साधनसंपत्ती, तंत्रज्ञान, लोकांची ताकद असे काहीबाही जोडत राहिले आणि उत्तर कुठे पोचलेच नाही. मुलाखत ४ नोव्हेंबरला दाखवली गेली. त्याच दिवशी तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासात कर्मचाऱ्यांना ओलीस धरले गेले आणि देश काही काळ कार्टर यांच्यामागे उभा राहिला, हेही खरे. पण एका साध्या प्रश्नाने जे उघड केले ते शंभर जाहिरातींनी झाकता आले नाही. पुढच्या ऑगस्टमधल्या अधिवेशनात पराभूत केनेडींनी केलेले भाषण त्यांच्या आयुष्यातले सर्वोत्तम मानले जाते. का लढतो आहोत हे त्यांना लढताना उमगले असावे, असे मला वाटते.

अनुभवाचे माप थोडे उपयोगी, थोडे दिशाभूल करणारे. कार्टर, रेगन, बिल क्लिंटन, धाकटे बुश हे सारे गव्हर्नर होते. कारभार चालवलेला माणूस म्हणून गव्हर्नरांना झुकते माप मिळते ते त्यामुळे. पण राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेले डुकाकिस आणि रॉम्नीही गव्हर्नरच होते. फ्लोरिडाचे रॉन डिसँटिस २०२२ मध्ये तब्बल १९ टक्क्यांच्या फरकाने पुन्हा निवडून आले आणि जानेवारी २०२४ मध्ये आयोवानंतर लगेच बाहेर पडले. सिनेटमधून थेट राष्ट्राध्यक्ष झालेले तिघेच, हार्डिंग, केनेडी आणि ओबामा.

मग सहकाऱ्यांची साक्ष? ‘द पार्टी डिसाइड्स’ या २००८ च्या अभ्यासग्रंथात चार राज्यशास्त्रज्ञांनी मांडले की मतदानाआधीच पक्षातले गव्हर्नर, खासदार, संघटना ज्याच्यामागे एकवटतात तोच बहुधा उमेदवार होतो. २०१६ ने हा सिद्धांत उलथवला. १७ जणांच्या गर्दीत रिपब्लिकन पुढारी कोणाच्याच मागे वेळेवर एकवटले नाहीत. साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना ३२.५ टक्के मते पडली आणि तिथल्या नियमामुळे राज्याचे सर्व ५० प्रतिनिधी त्यांच्या पदरात गेले. डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात. तसा नियम रिपब्लिकन पक्षात असता तर ती शर्यत लांबली असती.

चार वर्षांनी डेमोक्रॅटिक पक्षाने हाच सिद्धांत खरा करून दाखवला. जो बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरात पाचवे आले होते. २६ फेब्रुवारी २०२० ला साउथ कॅरोलायनाचे कृष्णवर्णीय खासदार जेम्स क्लायबर्न यांनी त्यांना पाठिंबा दिला. २९ ला बायडन यांनी ते राज्य जवळपास निम्मी मते घेऊन जिंकले. पुढच्या दोन दिवसांत बूटिजेज आणि क्लोबुशर या प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेऊन त्यांच्या बाजूने शब्द टाकला आणि अनेक राज्ये एकाच दिवशी मतदान करतात त्या ३ मार्चच्या महामंगळवारी १४ पैकी १० राज्ये बायडन यांची झाली. पुढाऱ्यांनी हुकूम सोडला आणि मतदारांनी मानला, असे तिथे घडले नाही. क्लायबर्न यांचा शब्द मानावा असे वाटणारे लाखो लोक होते, म्हणून तो चालला.

सहकाऱ्यांची साक्ष मतदार धुडकावूनही लावू शकतात. २०२४ मध्ये ट्रम्प यांचे स्वतःचे माजी उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी त्यांना पाठिंबा द्यायचे नाकारले, माजी संरक्षणमंत्री आणि व्हाइट हाउसचे माजी चीफ ऑफ स्टाफ त्यांच्याविरुद्ध जाहीरपणे बोलले. रिपब्लिकन मतदारांनी ते ऐकले आणि तरीही ट्रम्प यांना निवडले. लोकशाहीत तो त्यांचा हक्कच. साक्ष दिली गेली, हे तरी झाले.

डेमोक्रॅटिक पक्षात तेही झाले नाही, आणि २०२४ चा तो धडा मला सर्वांत जास्त सलतो. वयाच्या ८१ व्या वर्षी बायडन पुन्हा उभे राहिले. पक्षाच्या मतदारांपैकी मोठ्या वर्गाला ते वय जास्त वाटते, हे चाचण्या वर्षभर सांगत होत्या. एकही गव्हर्नर किंवा सिनेटर पक्षातून आव्हान द्यायला पुढे आला नाही. मिनेसोटाचे खासदार डीन फिलिप्स उभे राहिले तर पक्षाने त्यांना उभेच करून घेतले नाही. फ्लोरिडात बायडन यांचेच एक नाव पाठवले गेल्याने प्रायमरीच झाली नाही. वादसभा एकही नाही. प्रायमरीत बायडन यांना सुमारे ८७ टक्के मते मिळाली, पण त्या आकड्याला लढतीचा कस नव्हता. जी परीक्षा जानेवारीत आयोवा किंवा न्यू हॅम्पशायरच्या मंचावर व्हायची, ती २७ जूनला अटलांटात ट्रम्प यांच्यासमोर झाली. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली. कमला हॅरिस यांच्या हाती १०७ दिवस उरले. २०२० ची त्यांची स्वतःची मोहीम आयोवाच्या आधीच, डिसेंबर २०१९ मध्ये संपली होती, म्हणजे या पदासाठीच्या लढतीत त्या मतदानापर्यंत कधी पोचल्याच नव्हत्या. सातही कळीची राज्ये त्या हरल्या. हम्फ्री यांच्यासारखाच त्यांच्यावरही अन्याय झाला असे मी मानतो. लढून उमेदवारी मिळवण्याची संधी त्यांना पक्षाने दिलीच नाही.

अंतर्गत लढतीने पक्ष दुबळा होतो, हा यावरचा ठरलेला आक्षेप. १९६८, १९७६, १९८० आणि १९९२ या चारही वेळी पक्षातून जोरदार आव्हान मिळालेला सत्ताधारी पक्ष हरला, हे खरेच. पण जॉन्सन, फोर्ड, कार्टर आणि थोरले बुश आव्हानामुळे दुबळे झाले की दुबळे होते म्हणून आव्हान मिळाले? मला दुसरे कारण जास्त पटते. उलट २००८ मध्ये ओबामा आणि हिलरी क्लिंटन जूनपर्यंत भांडत राहिले. इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यांत त्या भांडणामुळे पक्षाची यंत्रणा उभी राहिली आणि नोव्हेंबरमध्ये ओबामांनी ही दोन्ही राज्ये जिंकली.

या कसोटीवर २०२८ ची नावे ठेवून पाहावीत. व्हान्स २०२२ मध्ये ओहायोची सिनेट प्रायमरी ट्रम्प यांच्या पाठिंब्यावर सुमारे ३२ टक्के मतांनी जिंकले. मुख्य निवडणुकीत ते सहा टक्क्यांच्या आसपास फरकाने आले, तेव्हा त्याच दिवशी त्यांच्याच पक्षाचे गव्हर्नर डिवाइन सुमारे २५ टक्क्यांनी जिंकले होते. शिवाय १८३६ नंतर पदावर असताना राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेले उपाध्यक्ष एकच, १९८८ चे थोरले बुश. रुबियो एकदा लढलेले आहेत. २०१६ मध्ये ते स्वतःचे फ्लोरिडा राज्य ट्रम्प यांच्याकडे हरले. शपिरो यांनी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नरपद सुमारे १५ टक्क्यांनी जिंकले, ही मोठी कमाई, पण २०२२ च्या प्रायमरीत त्यांच्यासमोर कोणी नव्हते. न्यूसम यांनी २०२१ मध्ये त्यांना गव्हर्नरपदावरून परत बोलावण्याचा प्रयत्न मोठ्या बहुमताने परतवला. मात्र कॅलिफोर्नियाने २००६ नंतर एकाही राज्यव्यापी पदावर रिपब्लिकन निवडलेला नाही. विरोधी विचारांचा मतदार आपल्याकडे वळवण्याची पाळी त्यांच्यावर आलेलीच नाही. बूटिजेज आयोवात चमकले, पण कृष्णवर्णीय मतदारांत त्यांना २०२० मध्ये जवळपास काहीच मिळाले नाही आणि त्यांनी जिंकलेले सर्वांत मोठे पद साउथ बेंडचे महापौरपद आहे. बेशिअर यांची गोष्ट मला सर्वांत लक्षवेधी वाटते. जे केंटकी ट्रम्प यांनी २०२४ मध्ये सुमारे ३० टक्क्यांनी घेतले, तिथे हा डेमोक्रॅट २०१९ आणि २०२३ असा दोनदा गव्हर्नर झाला. पक्षाबाहेरचा मतदार जिंकल्याचा याहून ठोस पुरावा यादीतल्या दुसऱ्या कोणाकडे नाही.

व्हिटमर यांची गव्हर्नरपदाची २०१८ ची प्रायमरी मराठी वाचकाला जवळची वाटेल. त्यांच्यासमोरच्या दोघांपैकी एक होते बेळगावचे श्री ठाणेदार. उद्योजक ठाणेदारांनी स्वतःचे एक कोटीहून अधिक डॉलर ओतले, जाहिरातींनी नाव घरोघरी पोचवले आणि ते तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉईटच्या मतदारसंघातल्या गर्दीच्या प्रायमरीत तीस टक्क्यांहून कमी मतांवर त्यांना उमेदवारी मिळाली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या त्या बालेकिल्ल्यात उमेदवारी म्हणजेच विजय होता. बेळगावातून आलेल्या, मराठीत आत्मचरित्र लिहिणाऱ्या माणसाला कोणा पक्षश्रेष्ठीची मर्जी न सांभाळता वॉशिंग्टनला पोचता आले, हे प्रायमरीचे देणे. एवढ्या थोड्या मतांवर जागा ठरते, हे तिचे उणे.

माझा कौल असा. निर्णय प्रायमरीतल्या मतदारांचाच राहावा, १९२० कडे परत जाण्यात काही हशील नाही. पण पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षालाही पक्षाने किमान दोन-तीन वादसभांत उतरवावे. ज्यांनी उमेदवाराबरोबर काम केले आहे अशा गव्हर्नरांनी आणि सिनेटरांनी आपले मत मतदानाआधी, नावानिशी सांगावे. आणि रिपब्लिकन पक्षाने बत्तीस टक्क्यांना शंभर टक्के प्रतिनिधी देणारे नियम मोडीत काढावेत.

न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासच्या भागात मराठी मतदार मोठ्या संख्येने आहेत. न्यू जर्सीची प्रायमरी बहुतेक वेळा जूनमध्ये येते, तोवर नाव ठरून गेलेले असते, म्हणून अनेक जण तिकडे फिरकतही नाहीत. काँग्रेस आणि स्थानिक पदांच्या प्रायमरी मात्र त्याच मतपत्रिकेवर असतात आणि तिथे काही शे मतेही निकाल फिरवतात. ज्यांना तिथले नागरिकत्व मिळाले आहे, त्यांनी आपल्या राज्यात प्रायमरीसाठी पक्षाकडे नाव नोंदवावे लागते का आणि त्याची मुदत कधी संपते, हे आत्ताच पाहून ठेवावे.